शेतातील सौर दिव्यांसाठी बॅटरीची निवड

सूर्यास्त झाला म्हणजे शेतकऱ्याचे काम संपते असे नाही. ज्या गावांत कृषिपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळते, तेथे हरभरा व गहू यांचे ओलित रात्रीच करावे लागते. रानडुकरे आणि रोही यांपासून उभे पीक राखावयाचे तर जागलीवाचून गत्यंतर नसते. त्यातच मण्यार व घोणस हे आपल्याकडील दोन अत्यंत विषारी साप मुख्यतः रात्रीच हिंडतात. अशा वेळी विहिरीवर, मचाणाशी किंवा गोठ्याच्या दाराशी जळणारा दिवा ही चैनीची वस्तू नसून गरजेची वस्तू आहे.

सौर दिव्यांमुळे ही गरज विजेच्या तारेवाचून भागू लागली आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी असा अनुभव येतो की, पहिल्या वर्षी पहाटेपर्यंत जळणारा दिवा दुसऱ्या वर्षी मध्यरात्रीच मंदावतो आणि तिसऱ्या वर्षी खांबावर नुसताच लटकत राहतो. दिवा आहे या भरवशावर माणूस अंधारात पाऊल टाकतो आणि ऐन वेळी दिवा दगा देतो, ही स्थिती दिवा नसण्यापेक्षाही अधिक धोक्याची होय. अशा बिघाडांत दिव्याचा एलईडी किंवा वरची सौर प्लेट क्वचितच दोषी असते. बहुधा बॅटरी संपलेली असते, किंवा बदललेली बॅटरी त्या दिव्याला योग्य नसते. यास्तव बॅटरीची निवड कशी करावी, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे.

बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद आश्रमामुळे सर्वपरिचित आहे. या परिसरात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा व गहू ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. येथील ऊन, उन्हाळ्यातील उष्णता आणि पीकपद्धती डोळ्यांपुढे ठेवून पुढील हिशेब मांडले आहेत. विदर्भ व मराठवाड्याच्या इतर भागांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडतील.

विहीर आणि झरे

सौर दिव्याचे तीन मुख्य भाग असतात. प्लेट उन्हापासून वीज तयार करते, बॅटरी ती साठविते आणि दिवा ती खर्च करतो. हा संबंध विहिरीच्या उदाहरणाने चांगला समजतो. बॅटरी म्हणजे विहीर, प्लेट म्हणजे विहिरीला लागलेले झरे आणि दिवा म्हणजे विहिरीवरील मोट. विहिरीचा व्यास वाढविला म्हणून झरे वाढत नाहीत. झरे बेताचे असतील तर रुंद विहिरीच्या तळाशीच पाणी राहते व मोटेला पूर्वीइतकेच पाणी मिळते. उलटपक्षी झरे जोरदार असून विहीर लहान असेल, तर पाणी वाहून वाया जाते आणि उपशाच्या वेळी विहीर लवकर कोरडी पडते.

दुकानात गेल्यावर शेतकरी बहुधा सर्वांत मोठा आकडा छापलेली बॅटरी मागतो. हा समज सोडून द्यावयास हवा. बॅटरी केवढी हवी हे प्लेट ठरविते, कोणत्या प्रकारची हवी हे दिव्यातील कंट्रोलर ठरवितो आणि ती किती वर्षे टिकेल हे मुख्यतः उष्णता ठरविते. या तीन गोष्टी नीट समजल्या की निवड सोपी होते.

बॅटरीवरील आकडे कसे वाचावेत

बॅटरीवर मुख्यतः दोन आकडे असतात. पहिला व्होल्टचा. हा विजेचा दाब होय. दुसरा अँपिअर-तासांचा अथवा लहान सेलवर मिलिअँपिअर-तासांचा. हा साठवणुकीचा आकडा होय. एक हजार मिलिअँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर-तास. हे दोन आकडे एकमेकांशी गुणले म्हणजे वॅट-तास मिळतात. १२.८ व्होल्ट व १२ अँपिअर-तास असलेल्या बॅटरीत सुमारे १५४ वॅट-तास वीज मावते. सहा वॅटचा दिवा एक तास जळला तर सहा वॅट-तास वीज खर्ची पडते. निरनिराळ्या व्होल्टच्या बॅटऱ्यांची तुलना नेहमी वॅट-तासांतच करावी. केवळ अँपिअर-तास पाहिल्यास फसगत होते.

बॅटरीचे चार प्रकार

१. शिसे-आम्ल बॅटरी. फ्रान्समधील गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये ही शोधून काढली. ट्रॅक्टरमुळे ती शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. तिच्या प्रत्येक घराचा दाब दोन व्होल्ट असून सहा घरे मिळून बारा व्होल्ट होतात. ती स्वस्त असते आणि बहुतेक गावांत मिळते. परंतु ती जड असते, तिच्यातील निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढल्यास ती लवकर खराब होते आणि रिकामी ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर न सुटणारा थर बसतो. ट्रॅक्टरची बॅटरी दिव्यासाठी मुळीच वापरू नये. ती इंजिन चालू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. रात्रभर हळूहळू वीज देणे हे तिचे काम नव्हे. शिसे-आम्ल बॅटरीच घ्यावयाची असेल तर सौर कामासाठी बनविलेली ट्यूब्युलर पद्धतीची घ्यावी आणि तिच्यात फक्त शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घालावे.

२. निकेलचे सेल. पेन्सिल सेलच्या आकाराचे हे सेल लहान सौर दिव्यांत आढळतात. प्रत्येकाचा दाब १.२ व्होल्ट असतो. पूर्वी यांत निकेल-कॅडमियम हा प्रकार चाले. कॅडमियम हा विषारी धातू आहे. त्याऐवजी आता निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. त्यांच्यावर ‘एनआय-एमएच’ ही इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. साध्या प्रकारच्या सेलमधील वीज न वापरताही बऱ्याच प्रमाणात आपोआप कमी होत जाते. २००५ पासून बाजारात आलेल्या सुधारित प्रकारात ही गळती पुष्कळ कमी असते व वर्षभरानंतरही बरीचशी वीज शिल्लक राहते. हा सुधारित सेल थोडा महाग पडला तरी घेण्याजोगा आहे.

३. लिथियम-आयन सेल. हे सेल १९९१ मध्ये प्रथम बाजारात आले. मोबाइल फोनमध्ये हीच जात असते. प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असून तो ४.२ व्होल्टपर्यंत भरतात. वजनाच्या मानाने यात सर्वांत जास्त वीज मावते. परंतु हा सेल अति भरणे, अति तापणे व ठेचणे यांना फार नाजूक असतो. बिघडल्यास तो पेट घेऊ शकतो.

४. लिथियम फेरो फॉस्फेट सेल. हाही लिथियमचाच प्रकार, पण यातील धन बाजूचा पदार्थ लोह व फॉस्फेट यांचा असतो. अमेरिकेत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात याचा शोध लागला. लिथियम-आयन बॅटरीच्या कार्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच्या प्रत्येक सेलचा दाब ३.२ व्होल्ट असून तो ३.६५ व्होल्टपर्यंत भरतात. वजनाच्या मानाने यात वीज थोडी कमी मावते. परंतु उष्णता सोसण्याची शक्ती अधिक, पेट घेण्याचा धोका बराच कमी आणि आयुष्य दीर्घ, असे याचे गुण आहेत. चांगल्या प्रतीच्या सेलमधून दोन हजार वेळा वा त्याहून अधिक वेळा वीज भरता व काढता येते. लिथियम-आयन व निकेल सेलच्या बाबतीत हा आकडा सर्वसाधारणपणे पाचशेच्या आसपास असतो. रोज एक वेळ भरणे व एक वेळ खर्चणे असा दिव्याचा क्रम असल्याने पाचशे वेळा म्हणजे दीड वर्षाहून थोडे कमी, हे ध्यानात घ्यावे.

विदर्भाच्या उन्हात खांबावर कायम राहणाऱ्या दिव्यासाठी या चारांपैकी लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी सर्वांत योग्य होय. तिची किंमत शिसे-आम्ल बॅटरीपेक्षा अधिक असते. तथापि किंमत पाहताना ती किती वर्षांसाठी आहे हेही पाहावे. दुप्पट किमतीची बॅटरी तिप्पट वर्षे टिकत असेल तर दरसाल पडणारा खर्च कमीच होतो.

‘बारा व्होल्ट’ या शब्दाने होणारा घोटाळा

बाजारात तीन निरनिराळ्या बॅटऱ्यांना ‘बारा व्होल्टची बॅटरी’ असेच म्हणतात. शिसे-आम्लाची सहा घरे मिळून १२ व्होल्ट होतात. लिथियम-आयनचे तीन सेल मिळून सुमारे ११.१ व्होल्ट होतात. लिथियम फेरो फॉस्फेटचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात. दिसावयास या जवळजवळ सारख्या वाटल्या, तरी त्या भरण्याची मर्यादा वेगवेगळी आहे. शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत, तीन सेलची लिथियम-आयन १२.६ व्होल्टपर्यंत व चार सेलची फेरो फॉस्फेट १४.६ व्होल्टपर्यंत भरतात.

दिव्यातील कंट्रोलर यांपैकी कोणत्या तरी एकाच मर्यादेसाठी बनविलेला असतो. लिथियम-आयनची बॅटरी १४ व्होल्टपर्यंत भरणाऱ्या कंट्रोलरला जोडली तर तिला आग लागण्याचा धोका निर्माण होतो. उलट फेरो फॉस्फेटची बॅटरी १२.६ व्होल्टवर थांबणाऱ्या कंट्रोलरला जोडली तर ती कधीच पुरती भरत नाही आणि ‘नवी बॅटरी निकामी निघाली’ अशी तक्रार होते. सबब बॅटरी बदलताना जुन्या बॅटरीवरील प्रकाराचे नाव व व्होल्टचा आकडा कागदावर उतरवून न्यावा, किंवा जुनी बॅटरीच सोबत न्यावी. प्रकार बदलावयाचा असेल तर कंट्रोलरही त्याबरोबर बदलावा.

लहान दिव्यातील सेल बदलताना

अंगणात अथवा बांधावर रोवण्याच्या लहान दिव्यात बहुधा पेन्सिल सेलच्या आकाराचा एकच सेल असतो. येथे तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, रेडिओ किंवा भिंतीवरील घड्याळ यांत घालतात तो साधा सेल यात घालू नये. तो पुन्हा भरण्यासाठी नसतो. दिव्यात घातल्यास तो काही दिवसांत गळू लागतो व आतील जोड गंजतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पेन्सिल सेलच्याच आकारात लिथियमचा ३.२ अथवा ३.७ व्होल्टचा सेलही मिळतो. त्यावर १४५०० हा आकडा असतो. हा आकडा साठवणुकीचा नव्हे, मापाचा आहे: व्यास १४ मिलिमीटर व लांबी ५० मिलिमीटर. १.२ व्होल्टच्या दिव्यात हा सेल बेमालूम बसतो. परंतु त्याने दिवा जळून जाण्याचा आणि सेल फुटण्याचा संभव असतो. आकार जुळला म्हणजे सेल जुळला असे नव्हे. व्होल्ट जुळले पाहिजेत.

तिसरी गोष्ट आकाराची. समजा, लहान प्लेट भर उन्हात ६० मिलिअँपिअर प्रवाह देते. हिवाळ्यात चार तासांच्या भर उन्हाइतकी वीज मिळाली तर २४० मिलिअँपिअर-तास झाले. भरताना सुमारे एक-तृतीयांश वाया जाते असे धरल्यास १६० उरले. दिवा २० मिलिअँपिअर घेत असेल तर तो आठ तास जळेल. आता त्यात ६०० चा सेल घातला काय किंवा २५०० चा घातला काय, आठ तासांचे दहा तास होणार नाहीत. सेल फारच लहान, उदाहरणार्थ २०० चा घातला, तर उन्हाळ्यातील जादा विजेने तो रोज तापतो व लवकर मरतो. कारण अशा स्वस्त दिव्यात भरणे थांबविण्याची सोय बहुधा नसते. प्लेटच्या प्रवाहाच्या दहापट, म्हणजे येथे ६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल, हे प्रमाण सुरक्षित व पुरेसे असते. प्लेटवर आकडा नसेल तर मूळ सेलइतका किंवा त्याच्या दीडपटीपर्यंतचा सेल घ्यावा. दिव्यात दोन सेल असतील तर दोन्ही एकदमच, एकाच बनावटीचे व एकाच आकड्याचे बदलावेत. नवा व जुना अशी जोडी लावू नये.

खांबावरील दिव्याचा हिशेब

विहिरीवर किंवा खळ्यावर सहा वॅटचा एलईडी दिवा रात्री दहा तास जाळावयाचा आहे असे समजू. एका रात्रीचा खर्च साठ वॅट-तास झाला. पावसाळ्यात एखादा दिवस ऊन मुळीच न मिळाले तरी दिवा बंद पडू नये, म्हणून दोन रात्रींची, म्हणजे १२० वॅट-तासांची तरतूद करावी.

लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीतील ऐंशी टक्के वीज नित्य वापरता येते. म्हणून १२० भागिले ०.८, म्हणजे १५० वॅट-तासांची बॅटरी हवी. १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तास ही बॅटरी या कामी पुरेशी होते. शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वीज काढावयाची असल्याने २४० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. स्वस्त वाटणारी बॅटरी प्रत्यक्षात आकाराने मोठी घ्यावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

आता झऱ्यांचा हिशेब करू. दर चौरस मीटरवर एक हजार वॅट पडणाऱ्या उन्हाला भर ऊन म्हणतात. आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे पाच तासांच्या भर उन्हाइतकी ऊर्जा मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ती पुष्कळ कमी होते. त्या काळासाठी तीन तास धरावेत. धूळ, उष्णता, तारा व बॅटरी यांत मिळून तीस टक्के वीज वाया जाते असे समजल्यास प्लेटच्या प्रत्येक वॅटमागे पावसाळ्यात रोज सुमारे २.१ वॅट-तास हाती येतात. साठ वॅट-तासांसाठी ३० वॅटची प्लेट जेमतेम पुरते. ४० वॅटची घेतल्यास ८४ वॅट-तास मिळतात, आणि ढगाळ दिवसात रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरण्यास २४ वॅट-तास उरतात. म्हणून ४० वॅटची प्लेट घ्यावी. पैसा थोडा असेल तर तो मोठ्या बॅटरीपेक्षा मोठ्या प्लेटवर खर्च करणे अधिक हिताचे होय.

हिवरा आश्रम व मेहकर हा प्रदेश सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. प्लेटचे तोंड दक्षिणेकडे करून तिला जमिनीशी २० अंशांच्या आसपास उतार द्यावा. उतारामुळे पावसाने धूळही धुऊन जाते. झाडाची किंवा खांबाची सावली प्लेटच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते. त्यासाठी सकाळी, दुपारी व संध्याकाळी अशी तीन वेळा जागा पाहूनच खांब उभा करावा.

खर्च कमी करण्याचाही मार्ग आहे. सहा वॅटचा दिवा पहिले चार तास पूर्ण व पुढील सहा तास निम्म्या उजेडाने जाळला तर साठऐवजी बेचाळीस वॅट-तासच लागतात. अशी सोय असलेला दिवा मिळाल्यास अवश्य घ्यावा. मात्र केवळ दिव्याच्या उजेडाने रानडुकरे कायमची दूर राहतात अशी अपेक्षा बाळगू नये. ती लवकरच उजेडाला सरावतात. दिवा माणसाला दिसण्यासाठी आहे; राखण माणसालाच करावी लागते.

उष्णता हा मोठा शत्रू

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात सावलीतील तपमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. उन्हात तापलेल्या प्लेटच्या पाठीशी ते साठ अंशांच्याही वर असते. पुष्कळ दिव्यांत बॅटरी याच प्लेटच्या पाठीला चिकटून बसविलेली असते, आणि ती लवकर मरण्याचे हे एक मोठे कारण आहे. शिसे-आम्ल बॅटरीविषयी असा ठोकताळा आहे की, २५ अंशांच्या वर दर दहा अंश वाढीमागे तिचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते. लिथियम सेलही उष्णतेने लवकर जुने होतात.

यास्तव शक्य तेथे बॅटरीची पेटी प्लेटपासून वेगळी असलेला दिवा घ्यावा. ही पेटी खांबाच्या उत्तर बाजूस, प्लेटच्या सावलीत बसवावी. तिला पांढरा रंग द्यावा. हवा खेळण्यासाठी खालच्या बाजूस जाळी लावलेली छिद्रे ठेवावीत, म्हणजे पाऊस व किडे आत शिरणार नाहीत. पेटीला कुलूप असावे. शिसे-आम्ल बॅटरी भरताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती हवाबंद पेटीत ठेवू नये व तिच्याजवळ बिडी-काडी पेटवू नये. कोणत्याही लिथियम बॅटरीचा दिवा कडब्याच्या गंजीवर किंवा गवती छपराला लागून बसवू नये.

शेत रिकामे असताना दिवा कोठे ठेवावा

हरभरा व गहू निघाल्यावर खरिपाच्या पेरणीपर्यंत पुष्कळ शेते रिकामी असतात. या काळात शेतकरी दिवे काढून घरी आणतात. ही चांगली सवय आहे. परंतु ते टिनपत्र्याखालील माळ्यावर टाकू नयेत. त्या जागी उन्हाळ्यात भट्टीसारखी उष्णता असते. घरातील खालच्या, थंड व कोरड्या खोलीत दिवे ठेवावेत. दिव्याचे बटण बंद करावे. लिथियम बॅटरी निम्मी भरलेल्या स्थितीत ठेवावी. शिसे-आम्ल बॅटरी मात्र पूर्ण भरूनच ठेवावी आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा भरावी. निकेलचे सेल काढून वेगळे ठेवावेत.

दिवा मंदावल्यास प्रथम काय पाहावे

दिवा लवकर विझू लागला की लगेच बॅटरी बदलण्याची घाई करू नये. प्रथम प्लेट ओल्या फडक्याने पुसावी. मळणीनंतर सोयाबीनच्या भुशाचा व धुळीचा थर प्लेटवर बसतो. नंतर एखादी फांदी वाढून सावली पडत आहे काय ते पाहावे. तारांचे जोड सैल किंवा गंजलेले असल्यास साफ करून घट्ट करावेत. नंतर दोन दिवस चांगले ऊन मिळू द्यावे.

एवढ्याने सुधारणा न झाल्यास बॅटरी तपासावी. ती पूर्ण भरून, दिवा बंद ठेवून काही तास विसावू द्यावी व मल्टिमीटरने व्होल्ट मोजावेत. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे १२.७ व निम्मी असता सुमारे १२.२ व्होल्ट दाखविते. चार सेलची फेरो फॉस्फेट बॅटरी भरलेली असता सुमारे १३.३ व्होल्ट दाखविते. तथापि तिचा दाब शेवटपर्यंत फारसा उतरत नसल्याने केवळ व्होल्टवरून तिची शिल्लक अजमावता येत नाही.

सर्वांत भरवशाची कसोटी घड्याळाची आहे. दिवा नवा असतानाच, चांगल्या उन्हाच्या दिवसानंतर, प्लेटवर पोते टाकून तो एकदा विझेपर्यंत जळू द्यावा आणि किती तास जळला ते लिहून ठेवावे. पुढे दरवर्षी रब्बीच्या सुरुवातीस हीच कसोटी घ्यावी. तास मूळच्या दोन-तृतीयांशांहून कमी भरले तर बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे. म्हणजे ऐन हंगामातील रात्री दिवा दगा देणार नाही. लिथियमचा एखादा सेल फुगलेला दिसला तर तो तसाच चालवू नये. तो टोचू वा दाबू नये. काढून घरापासून दूर, कोरड्या व मोकळ्या जागी ठेवावा.

खरेदीच्या वेळी

खोट्या आकड्यांपासून सावध राहावे. लिथियम-आयनचा १८६५० या मापाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा, फार तर साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास वीज साठवितो. त्यावर नऊ हजार असे छापले असेल तर तो आकडा खोटा आहे हे निश्चित समजावे. त्याच मापाचा फेरो फॉस्फेट सेल पंधराशे ते अठराशेपर्यंतच असतो. फेरो फॉस्फेटच्या मोठ्या, म्हणजे ३२ मिलिमीटर व्यासाच्या सेलमध्ये पाच ते सहा हजार मावतात. पेन्सिल सेलच्या आकाराच्या निकेल सेलची मर्यादा सुमारे २७०० आहे.

वजनावरूनही परीक्षा होते. १८६५० मापाचा चांगला लिथियम-आयन सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तो वीस-पंचवीस ग्रॅमच भरला तर आत माल कमी आहे हे उघड होते. सोनाराच्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर हे सहज पाहता येईल. दिवा घेताना बॅटरीचा प्रकार, व्होल्ट व अँपिअर-तास पावतीवर लिहून घ्यावेत आणि बॅटरीची हमी किती वर्षांची ते वेगळे विचारावे. प्लेटची हमी मोठी व बॅटरीची अगदी थोडी, असे पुष्कळदा असते. ज्या दिव्याची बॅटरी स्क्रू काढून बदलता येत नाही, तो दिवा स्वस्त असला तरी घेऊ नये. बॅटरी संपताच सगळा दिवाच टाकून द्यावा लागतो.

निकामी बॅटरीची विल्हेवाट

शिसे व कॅडमियम हे धातू जमिनीत मिसळले तर ते तेथेच राहतात. कॅडमियम तर पिकांच्या मुळांवाटे अन्नधान्यातही उतरतो. म्हणून निकामी बॅटरी उकिरड्यात, विहिरीत वा बांधावर टाकू नये. जाळू तर मुळीच नये. उकिरड्यातील बॅटरी शेणखताबरोबर आपल्याच शेतात परत येते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू केले असून त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांवर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. वापरणाऱ्यानेही त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवावयाच्या आहेत. शिसे-आम्ल बॅटरी दुकानदार मोबदला देऊन परत घेतो. लहान सेल बरणीत साठवून, लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, एकत्र पाठवावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रासह चार राज्यांत विद्यार्थ्यांसाठी दहा लक्ष सौर दिव्यांचा कार्यक्रम हाती घेतला होता. त्यात दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण ग्रामीण भागातील लोकांनाच देण्यात आले. यातून घेण्याजोगा धडा हा की, दुरुस्ती करणारा माणूस गावातच असला पाहिजे. प्रत्येक गावात एक-दोन तरुणांना मल्टिमीटर वापरावयास, सेलचे प्रकार ओळखावयास व घड्याळाची कसोटी घ्यावयास शिकविल्यास बंद पडलेले अनेक दिवे थोड्या खर्चात पुन्हा जळू लागतील. शिवारफेरीच्या वेळी कार्यकर्त्यांनी गावातील बंद दिव्यांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या बॅटरीचा प्रकार, व्होल्ट व बसविल्याचे साल तीत नोंदवावे. सर्वांच्या बॅटऱ्या एकत्रित खरेदी केल्यास माल पारखून घेता येतो आणि भावही वाजवी पडतो.

शेतकरी बंधु-भगिनींनी पुढील पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

१. बॅटरीचा प्रकार व व्होल्ट मूळ बॅटरीप्रमाणेच ठेवावेत. केवळ आकार जुळणे पुरेसे नाही.

२. बॅटरीचा आकार प्लेटच्या मानाने ठरवावा. जादा पैसा प्रथम प्लेटवर खर्च करावा.

३. खांबावर कायम राहणाऱ्या दिव्यासाठी लिथियम फेरो फॉस्फेट व लहान दिव्यासाठी निकेल-मेटल हायड्राइड सेल पसंत करावा.

४. बॅटरी सावलीत व हवेशीर ठेवावी. उन्हाळ्यात पत्र्याखाली साठवू नये.

५. दरवर्षी रब्बीपूर्वी दिवा किती तास जळतो ते मोजावे, आणि निकामी बॅटरी वेगळी जमा करावी.

एवढी काळजी घेतल्यास ओलिताच्या रात्री बांधावरून चालणाऱ्या माणसाच्या पायापुढे पहाटेपर्यंत उजेड राहील. सौर दिव्यावर खर्च केलेला पैसा तेव्हाच सार्थकी लागला असे म्हणता येईल.